दुसऱ्या ओळीतला सोबती

१

परमिटच्या अर्जावर दोन ओळी असत. पहिलीत प्रमुखाचं नाव, दुसरीत सोबत्याचं. एकट्या माणसाला नदीपलीकडे सोडायचं नाही हा कचेरीचा नियम, आणि पलीकडे जायची हौस नेमकी एकट्या माणसांनाच, हा जगाचा. या दोन नियमांमधल्या फटीत थोरलीचं दुकान चालत होतं.

दुकान म्हणजे परमिट कचेरीसमोर, जिन्याखालची खोली. एक टेबल, झेरॉक्सचं मशीन, फायलींचं कपाट आणि भिंतीवर नकाशा. नकाशात नदीपर्यंत रंग भरलेला होता, नदीपलीकडे नुसता कोरा कागद. गिऱ्हाईक आलं की थोरली अर्ज भरायची, फोटो डकवायची, रस्ता ओलांडून खिडकीवर द्यायची आणि चौथ्या दिवशी शिक्का मारलेलं परमिट घेऊन यायची. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. थोरलीचं चार दिवसांत व्हायचं, आणि याचा तिला गर्व होता. तो ती लपवतही नसे.

एकटं गिऱ्हाईक आलं की बाकीचे एजंट त्याला बसवून ठेवत आणि दुसरं एकटं आलं की दोघांची मोट बांधत. थोरलीला एवढा दम नव्हता. तिने फार वर्षांपूर्वी एक सोबतीच तयार करून ठेवला होता. वय अडतीस, धंदा घड्याळदुरुस्ती. फोटो शेजारच्या स्टुडिओतल्या, कोणी घ्यायलाच न आलेल्या पाकिटांतला. सही तिने डाव्या हाताने केली होती, म्हणजे तिच्या अक्षराशी मेळ लागू नये. ओळखपत्राची प्रत कुठून आणली ते विचारू नका. वीस वर्षं धंदा केलेल्या बाईला असलं विचारायचं नसतं. आणि त्याचं नाव काय ठेवलं होतं, तेही इथे लिहीत नाही. लिहून लिहूनच पुढचं सगळं झालं.

गिऱ्हाइकाला ती एक वाक्य पाठ करून पाठवायची: ‘सोबत्याला ताप आलाय, तो खालीच राहिला.’ नदीवरच्या पुलाजवळ नाका होता, तिथला शिपाई मान हलवून परतीच्या कागदावर दुसऱ्या ओळीपुढे रेघ मारायचा. माणूस फिरून आला, नाक्यावर सही केली की तो कागद कचेरीत यायचा, आणि दर सोमवारी खिडकीवरचे शिक्केभाऊ एजंटांना आपापले कागद वाटून टाकायचे. पहिल्या ओळीत सही, दुसरीत रेघ. थोरली ते फायलीला लावायची आणि विसरून जायची. कागदी घोडे नाचवणारे पुष्कळ असतात, हिने कागदी माणूस नाचवला. वीस वर्षांत तो एका दिवसाने म्हातारा झाला नव्हता.

२

एका सोमवारी रेघेच्या जागी सही होती.

थोरलीने कागद उजेडात धरला. सही तीच, डाव्या हाताची, थोडी खाली घसरणारी. शेवटच्या अक्षराला एक उगाचचा हिसका होता. पहिल्यांदा सही करताना तिच्या मनगटात पेटका आला होता, तेव्हाचा तो हिसका. पुढे दर वेळी तिने तो मुद्दाम काढला, कारण सही म्हणजे सही. हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाइकाने चावटपणा केला असेल, तिने ठरवलं. परमिटवर सही होतीच, बघून गिरवली असेल. पुढच्या सोमवारी दोन कागद आले आणि दोन्हींवर सही होती. तीन वेगळी गिऱ्हाइकं. त्यातली एक बाई तर हाताला प्लास्टर घालून गेलेली.

दुपारी दुकान लावून घेऊन थोरलीने स्वतःच ती सही कोऱ्या कागदावर करून पाहिली. पाचव्या वेळी नीट जमली. नाक्यावरच्या तिन्ही मात्र एका झटक्यात केलेल्या दिसत होत्या, कुठेही हात अडखळलेला नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण मग तिने स्वतःचीच समजूत घातली: नाक्यावरचा शिपाई आळशी, वरून रिकामटेकडा, वेळ जात नाही म्हणून सह्या गिरवत बसला असेल. हे कारण लंगडं होतं, तिलाही कळत होतं. तरी तिने तेच धरून ठेवलं आणि दाराची कडी काढली.

३

त्याच आठवड्यात धाकटीने हट्ट धरला.

धाकटी म्हणजे बहीण, बारा वर्षांनी लहान. आई गेल्यावर थोरलीनेच तिला वाढवली, वेणी घालण्यापासून फी भरण्यापर्यंत. ती शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढायची. लहानपणापासून त्या दुकानात बसून अभ्यास केलेला, त्यामुळे भिंतीवरचा तो कोरा भाग तिच्या डोक्यात बसला होता.

“ताई, मला जाऊन बघायचंय. नऊ दिवस. मी आणि वही.”

“आणि कोण?”

“कुणी नको. बरोबर माणूस असला की तो बोलतो. मग मला दिसत नाही.”

“तुला दिसत नाही म्हणून जगाने तोंड शिवून घ्यायचं का?”

“तू अख्ख्या गावाला एकटं पाठवतेस,” धाकटी म्हणाली. “मीच काय घोडं मारलंय?”

यावर थोरलीकडे तीन सह्यांचं उत्तर होतं. पण ते तोंडातून काढलं असतं तर आपण वेड्यासारखं बोलतोय हे स्वतःलाच ऐकू आलं असतं. महिन्याभरात हंगामाची परमिटं बंद होणार होती. तिने अर्ज पुढे ओढला, पहिल्या ओळीत बहिणीचं नाव लिहिलं, मग पेन डाव्या हातात घेतलं. हाताने सही एका झटक्यात केली, कुठेही न अडखळता. हे तिच्या लक्षात आलं. तरीही अर्ज तिने खिडकीवर नेऊन दिला. पुढे तिने स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या याच क्षणासाठी.

४

धाकटी जाऊन पाच दिवस झाले, तेव्हा मास्तर दुकानात आले. शाळेतून निवृत्त झालेले, हातात काठी, पायांत नवेकोरे बूट. तीनेक आठवड्यांपूर्वी थोरलीनेच काढलेल्या परमिटवर पलीकडे जाऊन आले होते.

“आभार मानायचे राहिले होते,” ते म्हणाले. “तुमचा माणूस फार उपयोगी पडला.”

“कोणता माणूस?”

“अहो, सोबती. तुम्ही म्हणाला होतात, ताप आलाय असं सांगा. पण तो आला की नाक्यावर! मी म्हटलं, बरं झालं.”

थोरली हसली. मास्तर थट्टेखोर होते, वर्गातही असणार. “कसा काय वाटला मग?”

“बोलत नाही. चालताना मागेच राहतो. मी मागे वळलो की थांबतो, तोंडही वळवून घेतो. पण रात्री तंबूबाहेर कोणीतरी आहे म्हटलं की बरं वाटतं.” मास्तर जरा थांबले. “एकच विचारतो, राग मानू नका. शेवटच्या दिवशी तो मला ओलांडून पुढे गेला. नाका दिसायला लागला आणि अगदी पळतच सुटला. मीही धावलो. का धावलो ते सांगता येत नाही. या वयात मी सहसा धावत नाही. त्याच्या आधी पोहोचलो आणि सही केली. त्याचं काय बिघडलं होतं?”

थोरलीने त्यांना पाणी दिलं. ग्लास टेबलावर ठेवताना पाणी फायलीवर सांडलं. मास्तर गेल्यावर ती ते पुसत बराच वेळ उभी राहिली. फोन पलीकडे लागत नसे, तरी तिने बहिणीला सतरा वेळा लावला.

५

दहाव्या दिवशी धाकटी परत यायला हवी होती. ती आली नाही. अकरावा दिवस सोमवार होता.

शिक्केभाऊंनी दिलेल्या गठ्ठ्यात तिचा कागद सर्वांत खाली होता. पहिली ओळ कोरी. दुसऱ्या ओळीत सही, हिसक्यासकट. शेऱ्याच्या जागी, खाली घसरत जाणाऱ्या अक्षरांत दोनच शब्द होते: गट परतला.

थोरली रस्त्याच्या मधोमध उभी राहून ते वाचत होती. एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, दुसऱ्याने शिवी दिली. ती उलट फिरली आणि तशीच तरातरा कचेरीच्या खिडकीवर गेली.

“भाऊ, माझी बहीण आत राहिलीय. शोधायला माणसं पाठवा.”

शिक्केभाऊंनी चष्मा चढवला. या माणसाला सगळी कचेरी शिक्के म्हणायची, कारण त्यांनी कधी न वाचता शिक्का मारला नाही आणि वाचलेल्यावर कधी शंका घेतली नाही. “परमिट बंद झालंय. गट परतला.”

“पहिल्या ओळीत सही कुठाय?”

“शेरा आहे ना. बंद परमिटवर शोध निघत नाही. फार तर सोबत्याचा जबाब आणा. तो शेवटचा बरोबर होता.”

थोरलीने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. वीस वर्षांची रोजीरोटी, परवाना, बाजारातलं नाव, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिने ते जाऊ दिलं. “असा माणूसच नाही. खोटा आहे तो. मी लिहिला त्याला. परवाना घ्या काढून, तुरुंगात टाका, पण आधी माणसं पाठवा.”

मागच्या रांगेतल्या माना पुढे झाल्या. शिक्केभाऊंनी आवाज खाली आणला. “बाई, वीस वर्षं तुम्ही लेखी देताय, तो आहे. शेकडो कागद आहेत माझ्याकडे. आज तोंडी सांगताय, नाही. मी कुठलं धरू? आणि…” त्यांनी खणातून एक परमिट काढलं. “चार दिवसांपूर्वी तर ते स्वतः इथे उभे होते. अर्ज देऊन गेले.”

“कसा दिसत होता?”

“मी तोंडाकडे कशाला बघू? फोटो आणि सही जुळवतो मी. जुळली.” त्यांनी परमिट खिडकीतून बाहेर सरकवलं. “तयार आहे. तुम्हीच घेऊन जाल असं म्हणाले.”

पहिल्या ओळीत तो होता. दुसऱ्या ओळीत, सोबत्याच्या जागी, थोरली. फोटो तिचाच, पण तिने असा फोटो कधी काढून घेतला नव्हता. डोळे अर्धवट मिटलेले होते, असा फोटो स्टुडिओवाला पाकिटात घालून ठेवतो आणि कोणी नेत नाही. खाली तिची सही होती. उजव्या हाताची, हुबेहूब.

ती घाबरली, चांगलीच घाबरली, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण भीतीच्या पाठोपाठ तिला दुसरंच काही चढलं. मेल्या, मी तुला घडवला आणि तू मलाच दुसऱ्या ओळीत घालतोस?

“नवा अर्ज दिला तर किती दिवस?” तिने विचारलं.

“चार. आणि आता तुमच्या अर्जाचं काय होईल ते सांगत नाही.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी. थोरलीने परमिट घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दुकानाला कुलूप लावून बस पकडली.

६

नाका म्हणजे पत्र्याची एक खोली आणि आडवा बांबू. दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं वर आलं होतं. शेगडीवर पाणी उकळत होतं. शिपाई परमिट बघून म्हणाला, “दोघं ना?”

शेकडो जणांना पढवलेलं वाक्य तिच्या जिभेवर आलं. ते म्हटलं असतं तर ओळीपुढे रेघ पडली असती आणि एकट्या बाईला त्याने परत पाठवलं असतं, कारण या वेळी खाली राहिलेला प्रमुख ठरला असता.

“दोघं,” थोरली म्हणाली.

शिपायाने वही तिच्यापुढे केली. तिने सही केली. मग त्याने वही जराशी डावीकडे सरकवली आणि तिच्या खांद्याशेजारी पेन धरलं. थोरली शेगडीकडे बघत राहिली. पेन शिपायाच्या हातातून सुटल्याचं तिला जाणवलं. कागदावर टोक फिरलं, शेवटी एक हिसका. खोलीत शिळ्या डिंकाचा वास सुटला होता, फोटो डकवताना सुटतो तसा.

“हा परतीचा कागद,” शिपाई म्हणाला आणि त्याने तो तिच्या खांद्यावरून मागे द्यायला हात लांबवला.

थोरलीने तो मधल्या मधे हिसकावून घेतला. “इकडे द्या. कागदांचं मी बघते.”

७

पूल ओलांडल्यावर वाट अरुंद होत गेली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी. मागून पावलं येत होती. ती थांबली की थांबायची. तासभर तिने ते सहन केलं. मग वाटेच्या ऐन मध्यावर एका दगडावर ती बसली, पाय पसरून, नदीकडे तोंड करून. तिला ओलांडल्याशिवाय मागच्याला पुढे जाता येत नव्हतं.

तिने परतीचा कागद मांडीवर पसरला. वरच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. या दोन ओळींत ज्यांची नावं, तेच बाहेर पडतात. पेन काढून तिने पहिल्या ओळीत ठसठशीत अक्षरांत बहिणीचं नाव लिहिलं. आवाज कापू नये म्हणून एकदा खाकरली.

“ऐक. मी काही मास्तर नाही, तुझ्याशी शर्यत लावायला. मला धावताही येत नाही. पण कागद माझ्याकडे आहे आणि त्यावर एकच ओळ उरलीय. तिला आण, मग त्या ओळीचं बघू. नाही आणलीस तर हा कागद जाईल नदीत, आणि बसू आपण दोघं इथेच, जन्मभर. माझी घरी वाट बघणारं कुणी नाही. जी होती ती इथेच आहे.”

डिंकाचा वास जवळ आला. तिच्या पसरलेल्या पायांपलीकडे एक पाऊल पडलं, मग दुसरं. तिने मान वळवली नाही. पावलं पुढच्या वळणाकडे निघून गेली.

ती वाट पाहत बसली. तिने आईला आठवलं, मग आईवरही चिडली, कारण एवढी जबाबदारी बारा वर्षांनी मोठी म्हणून आपल्यावरच. आपण खोटा माणूस लिहिला त्यात कुणाचं काय वाईट केलं होतं, असंही तिला वाटलं. मग तो प्रश्न तिने सोडून दिला. काहीही असो, बहीण आपली.

ऊन नदीच्या मधोमध आलं, तेव्हा वळणावर धाकटी दिसली. वही छातीशी धरलेली, ओठ फुटलेले, एका पायात बूट नाही. चालत होती ती स्वतःच्या पायांनी.

“ताई? तूच चिठ्ठी दिलीस ना,” ती दमलेल्या आवाजात म्हणाली. “थांब, मी येते, म्हणून. अक्षर जरा तिरकं होतं. पण तुझंच होतं.”

“आलेय,” थोरली म्हणाली. तिने बहिणीचा हात घट्ट धरला. हात गरम होता.

धाकटीच्या खांद्यामागून दुसरा एक हात पुढे आला. पेनासाठी. मनगटापर्यंतच थोरलीने तो पाहिला. त्वचा गुळगुळीत, चकाकणारी, फोटोचा कागद असतो तशी, आणि कडा कापलेल्या.

“पेन माझं आहे,” थोरली म्हणाली. “ओळही माझी.” आणि त्या हाताच्या देखत तिने दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. घाई न करता, उजव्या हाताने. खाली दोनदा रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं.

“चल,” ती बहिणीला म्हणाली. “मागे बघायचं तर बघ खुशाल. मी बघणार नाही. एवढंसुद्धा द्यायचं नाही मला त्याला.”

धाकटीने एकदा मागे पाहिलं. मग तिने ताईचा दंड धरला तो थेट पुलापर्यंत सोडला नाही, आणि काय पाहिलं ते कधीही सांगितलं नाही.

८

शिपायाने परतीचा कागद वाचला, वही उघडली, पुन्हा कागद वाचला. “आत जाताना तुमच्याबरोबर दुसरं कोणीतरी होतं.”

“आत कोण गेलं ते राहू दे. बाहेर कोण आलं ते लिहा. कागदावर आहे.”

“मोजावं लागतं, बाई.” त्याने बोट उचललं. “एक,” थोरलीकडे. “दोन,” धाकटीकडे.

बोट खाली आलं नाही. ते धाकटीच्या खांद्यावरून सावकाश पलीकडे सरकलं आणि शिपायाचे ओठ पुढचा आकडा म्हणायला उघडले. धाकटीची नखं ताईच्या दंडात रुतली.

थोरलीने हात लांब करून ते बोट मुठीत धरलं आणि जोर लावून वहीवर टेकवलं.

“दोन,” ती म्हणाली. “लिहा.”